शब्द मागे ठेवून : पीटर गेब्रिएल यांचे चित्रपटसंगीत

पीटर गेब्रिएल या इंग्लिश गायक-गीतकाराची 'पॅशन' ही ध्वनिमुद्रिका जून 1989 मध्ये प्रसिद्ध झाली. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट' या 1988 च्या चित्रपटासाठी त्यांनी जे पार्श्वसंगीत रचले, त्याचेच हे पूर्णत्वाला नेलेले रूप. त्या चित्रपटाने ख्रिस्ती जगतात केवढे वादळ उठवले होते, हे ज्येष्ठ वाचकांच्या स्मरणात असेल. वादळ ओसरले; संगीत मात्र राहिले. आज ते कोणाच्याही मोबाइलवर क्षणात उपलब्ध होते, आणि आमच्या धर्मग्रामातील गायकवृंदात गाणारी मुले उपवासकाळात ते ऐकतात. 'फादर, हे ऐकलेले चालेल का? क्रूसाच्या वाटेच्या वेळी ते लावता येईल का?' असे ती विचारतात.

या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर देणे सोपे आहे. पण अशा उत्तराने मुलांच्या हाती काही लागत नाही. या एका प्रश्नात वस्तुतः दोन प्रश्न दडलेले आहेत. पहिला असा की, ज्या चित्रपटाशी आपली श्रद्धा सहमत होऊ शकत नाही, त्याचे संगीत त्याच्यापासून वेगळे करता येते काय? दुसरा असा की, ज्या संगीतात प्रभूच्या दुःखसहनाविषयी एकही अर्थपूर्ण शब्द उच्चारलेला नाही, ते ऐकताना मन इतके हेलावते कशामुळे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गवसल्याशिवाय पहिल्याचे देता येणार नाही, असे आम्हांस वाटते. आणि त्यासाठी शब्दांवर हुकमत असलेला एक गायक शब्द मागे ठेवून चित्रपटाकडे कसा वळला, हे पाहावे लागेल.

येथे एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट केली पाहिजे. 'चित्रपटसंगीत' म्हटले की आपल्यासमोर गाणी उभी राहतात. आपल्याकडे कवी किंवा गायक चित्रपटात जातो तो आपला शब्द आणि आपला कंठ बरोबर घेऊन. आसामचे भूपेन हजारिका यांचेच उदाहरण घ्या. स्वतः लिहावे, स्वतः चाल बांधावी आणि स्वतःच गावे, अशी त्यांची रीत. 1993 च्या 'रुदाली'ला त्यांनी संगीत दिले, तेव्हा त्यांचा आवाजही त्या चित्रपटात आला. पाश्चात्त्य चित्रपटाची परंपरा निराळी आहे. तेथे संगीतकाराकडून मुख्यतः मागितले जाते ते पार्श्वसंगीत, म्हणजे पडद्यावरील प्रसंगाच्या मागे राहून त्याला आधार देणारे, क्वचितच पुढे येणारे संगीत. गायक-गीतकाराच्या दृष्टीने हे मोठे परिवर्तन असते. काल ज्याच्या नावावर लोक सभागृहात येत होते, त्याला आज दुसऱ्याच्या कथेसाठी, दुसऱ्याने ठरवलेल्या लांबीत आणि बहुधा स्वतःच्या आवाजावाचून काम करावे लागते.

गेब्रिएल यांच्या बाबतीत हे परिवर्तन अधिकच ठळक होते. कारण ते शब्दांचे आणि वेषांचे गायक होते. 1950 मध्ये जन्मलेल्या या गायकाने चार्टरहाउस या निवासी शाळेतील मित्रांबरोबर 1967 मध्ये 'जेनेसिस' हा वाद्यवृंद उभा केला. रंगमंचावर मुखवटे, चित्रविचित्र पोशाख, दोन गाण्यांच्या मध्ये सांगितलेल्या अद्भुत कथा ही त्यांची ओळख होती. 1975 मध्ये ते त्या वृंदातून बाहेर पडले. 1977 ते 1982 या काळात त्यांनी स्वतंत्रपणे चार ध्वनिमुद्रिका काढल्या आणि चारहींना एकच शीर्षक दिले : 'पीटर गेब्रिएल'. स्वतःच्या नावापलीकडे दुसरे नाव न सुचणारा हा कलावंत पुढे आपला आवाजच बाजूला ठेवील, असे तेव्हा कोणाला वाटले असते?

तरीही त्या परिवर्तनाची बीजे त्या चार ध्वनिमुद्रिकांतच होती. तिसऱ्या, म्हणजे 1980 च्या ध्वनिमुद्रिकेत 'बिको' हे गीत आहे. दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे नेते स्टीव्ह बिको यांचा 12 सप्टेंबर 1977 रोजी पोलिसांच्या कोठडीत झालेल्या अमानुष मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यांच्यावरचे हे शोकगीत. ध्वनिमुद्रिकेवरील त्याच्या आवृत्तीत प्रारंभी आणि अखेरीस बिको यांच्या अंत्यविधीच्या वेळी लोकांनी गायलेल्या गीतांचे ध्वनिमुद्रण जोडलेले आहे. दुःख ज्यांचे आहे त्यांचा आवाज आधी, त्यांचाच आवाज शेवटी. मधली जागा तेवढी गायकाची. आणि गीताच्या उत्तरार्धात तर गायकाचे शब्दही संपतात, उरतो तो सर्वांना बरोबर गाता येईल असा केवळ एक आलाप. दुसऱ्याच्या वेदनेविषयी बोलताना आपण किती बोलावे, याचे भान या रचनेत आहे. 'पॅशन'ची वाट येथूनच सुरू होते.

पहिला चित्रपट आला तो अॅलन पार्कर यांचा 'बर्डी'. 1984 चा हा चित्रपट विल्यम व्हार्टन यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले दोन मित्र. एकाचा चेहरा जखमी, तर दुसऱ्याचे मन. हा दुसरा तरुण रुग्णालयाच्या बंद खोलीत पक्ष्यासारखा बसून राहतो आणि कोणाशी बोलत नाही. चित्रपटाचा नायकच मुका असेल, तर संगीतकाराने शब्द घेऊन तेथे काय करावे? गेब्रिएल यांनी एकही शब्द न वापरता संगीत दिले. इतकेच नव्हे, तर 1985 मध्ये ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा, हिच्यात गीते नाहीत आणि काही साहित्य जुनेच पुन्हा वापरलेले आहे, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा प्रामाणिकपणाही त्यांनी दाखवला.

हे 'जुने साहित्य' फार बोलके आहे. आपल्याच पूर्वीच्या काही गीतांतून शब्द काढून घेऊन त्यांनी उरलेली सुरावट येथे नव्याने मांडली. 1982 मधील 'वॉलफ्लॉवर' हे त्यांचे गीत राजकीय कारणासाठी तुरुंगात डांबलेल्या कैद्याला उद्देशून आहे. 'बर्डी'मध्ये त्याच गीताची चाल शब्दांवाचून येते आणि कुलूपबंद खोलीतल्या त्या तरुणाची होते. कैदी निराळा, तुरुंग निराळा. एकटेपणा मात्र तोच. शब्द काढून घेतल्यावरही अर्थ चालीत शिल्लक राहिला, याचे कारण तो मुळात चालीत होता. गीतकाराला स्वतःची परीक्षा घ्यायची असेल, तर याहून कठोर कसोटी नाही. अनेक गीते या कसोटीला उतरत नाहीत. शब्दांची टेकू काढली की चाल कोसळते. आपल्या उपासनेतील काही लोकप्रिय गीतांचे काय होईल, याचा विचार आपल्या गीतकारांनीही अधूनमधून करावा.

आता 'द लास्ट टेम्प्टेशन'कडे वळू. निकोस काझांटझाकिस या ग्रीक लेखकाच्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. ती कादंबरी 1954 मध्ये व्हॅटिकनच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेली होती. पुढे 1966 मध्ये त्या यादीचे बंधन ख्रिस्तसभेने उठवले. चित्रपट ऑगस्ट 1988 मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा चित्रपटगृहांसमोर निदर्शने झाली. ऑक्टोबर 1988 मध्ये पॅरिसमधील साँ-मिशेल चित्रपटगृहाला काही अतिरेकी वृत्तीच्या कॅथलिकांनी आग लावली आणि त्यात प्रेक्षक जखमी झाले. ज्याने आपल्या शिष्याला तलवार म्यान करायला सांगितले, त्याच्या सन्मानासाठी माणसे भाजावीत, ही गोष्ट चित्रपटातील कोणत्याही दृश्यापेक्षा अधिक लज्जास्पद होती, हे येथे नोंदवले पाहिजे.

आक्षेप मात्र निराधार नव्हते. आपण शुभवर्तमानांवर आधारलेलो नाही, असे हा चित्रपट प्रारंभीच सांगतो. तथापि त्यातील नायकाला येशू हेच नाव आहे. रोमनांसाठी क्रूस बनवून देणारा, आपण कोण आहोत याविषयी अखेरपर्यंत साशंक असलेला, क्रूसावर असताना कुटुंबजीवनाच्या दीर्घ स्वप्नात गुंतलेला आणि शेवटी त्या स्वप्नातून परत क्रूसाकडे येणारा हा येशू आहे. प्रभूला खऱ्या अर्थाने मोह झाले, हे तर आपणही मानतो. इब्री लोकांस पत्र तेच सांगते. 451 मधील खाल्सेदोनच्या परिषदेने प्रभू येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, असे निःसंदिग्धपणे मांडले. चित्रपटाला त्यांपैकी मनुष्य तेवढा नीट सापडला आहे, आणि तोही गोंधळलेला. स्कॉर्सेसी यांचा हेतू थट्टेचा नव्हता. न्यूयॉर्कच्या कॅथलिक वस्तीत वाढलेल्या या दिग्दर्शकाने तरुणपणी धर्मगुरू होण्याचे स्वप्न पाहिले होते आणि पुढे 2016 मध्ये जपानमधील येशूसंघीय मिशनरींवर 'सायलेन्स' हा चित्रपटही काढला. परंतु हेतूची प्रामाणिकता ही आशयाच्या अचूकतेची हमी नव्हे.

अशा चित्रपटासाठी संगीत रचताना गेब्रिएल यांच्यासमोर तयार नमुने होते. 'बेन-हर' या 1959 च्या चित्रपटाला मिक्लोश रोझा यांनी दिलेले भव्य वाद्यवृंदाचे संगीत हा त्यांपैकी एक. 1965 च्या 'द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड'मध्ये लाजरसाच्या पुनरुज्जीवनाच्या वेळी हँडेलचा 'हालेलुया' घोष ऐकू येतो. ऐकताना ऊर भरून येतो खरा. परंतु बेथानीच्या धुळीत उभे राहिल्यासारखे वाटत नाही, लंडनच्या सभागृहात बसल्यासारखे वाटते. आमच्या पिढीने गावोगावच्या पटांगणांत उभारलेल्या पडद्यांवर 'दयासागर' पाहिला. 1978 च्या 'करुणामयुडू' या तेलुगू चित्रपटाचे ते हिंदी रूप. त्याची रीत आपल्या भक्तिपर चित्रपटांची होती, आणि भाबडी असली तरी ती आपली होती. तिसरा मार्ग दाखवला होता पासोलिनी या इटालियन दिग्दर्शकाने. 1964 च्या 'मत्तयकृत शुभवर्तमान' या चित्रपटात त्याने बाखच्या संगीताशेजारी काँगोतील 'मिस्सा लुबा' आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे भक्तिगीत ठेवले. स्वतःला अश्रद्ध म्हणवणाऱ्या या दिग्दर्शकाचा तो चित्रपट व्हॅटिकनने 1995 मध्ये काढलेल्या उत्तम चित्रपटांच्या यादीत आहे.

गेब्रिएल हे या तिसऱ्या मार्गाने आणखी पुढे गेले. 1982 मध्ये इंग्लंडमधील शेप्टन मॅलेट येथे त्यांच्या पुढाकाराने 'वोमॅड' हा जगभरच्या संगीताचा पहिला महोत्सव भरला होता. त्यात मोठा आर्थिक तोटा आला. तो भरून काढण्यासाठी जेनेसिसच्या जुन्या सहकाऱ्यांनी त्यांच्याबरोबर पुन्हा एक कार्यक्रम केला. पैसा बुडाला, परंतु कान श्रीमंत झाले. 'पॅशन'मध्ये आर्मेनियाचे दुदुक आहे, तुर्की परंपरेतील नेय ही बासरी आहे, इजिप्तची तालवाद्ये आहेत, सेनेगलच्या यूसू न्दूर यांचा आवाज आहे. चेन्नईत जन्मलेले एल. शंकर यांचे दुहेरी व्हायोलिन तर अनेक रचनांचा कणाच आहे. झाकीर हुसेन आणि जॉन मॅक्लॉक्लिन यांच्याबरोबर 'शक्ती' या वृंदात वाजवणारे शंकर ते हेच.

पहिली रचना दुदुकाने सुरू होते. जर्दाळूच्या लाकडापासून केलेले हे वाद्य सनईच्या कुळातले, पण सनईचा मंगल तेजस्वीपणा त्यात नाही. घोगरा, ओलसर, रडून थकलेल्या माणसाचा आवाज त्यात आहे. आर्मेनियन लोक हे ख्रिस्ती धर्म राष्ट्र म्हणून सर्वप्रथम स्वीकारणारे लोक. त्यांच्या पारंपरिक सुरावटीखाली हळूहळू ढोल येतात, मग व्हायोलिन. कोणताही भपका न करता आपण एका कोरड्या प्रदेशात येऊन पोहोचतो.

संपूर्ण कृतीचा गाभा म्हणजे तिच्या नावाचीच, सुमारे साडेसात मिनिटांची 'पॅशन' ही रचना. चित्रपटात प्रभू क्रूस वाहून नेतो, तेव्हा ती ऐकू येते. दृश्य मंद गतीने सरकते. भोवती हसणारे, चिडवणारे चेहरे. येथे कोणीही रडवे व्हायोलिन वाजवले असते. गेब्रिएल यांनी बोलावले नुसरत फतेह अली खान यांना. फैसलाबादच्या कव्वालांच्या घराण्यातला हा महान गायक येथे कव्वालीचे शब्द गात नाही, फक्त आलाप घेतो. आवाज वर चढतो, एका उंचीवर थरथरतो, तुटेल असे वाटते आणि तुटत नाही. त्याच्याजवळच एका इंग्लिश मुलाचा चर्चच्या गायकवृंदातला निर्मळ आवाज येतो. एक कंठ वयाने, साधनेने, वेदनेने भरलेला. दुसरा अजून कशानेच न डागळलेला. प्रभूच्या दुःखसहनात या दोन्ही गोष्टी आहेत : तो दुःखाचा जाणता पुरुष आहे आणि निष्कलंक कोकरूही आहे. चित्रपटाच्या पटकथेला जे सांगता आले नाही, ते हे दोन आवाज शेजारी शेजारी उभे राहून सांगतात, असे आमचे मत आहे.

येथेच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पटकथेत शब्द आहेत, आणि शब्द म्हटले की विधान आले, विधान आले की ते बरोबर किंवा चूक ठरते. या चित्रपटातील येशू बोलतो, तेव्हा आपण प्रत्येक वाक्याला अडखळतो. संगीत विधान करीत नाही. ते शोक करते, थरथरते, वाट पाहते. संत अगस्तीनने आपल्या स्तोत्रांवरील विवेचनात शब्दावाचूनच्या गाण्याचा गौरव केला आहे : हृदयाला जे सांगायचे असते ते शब्दांत मावेनासे झाले की मनुष्य नुसत्या स्वराने गातो, आणि जो देव वर्णनापलीकडे आहे त्याच्यासाठी हेच गाणे योग्य, असा त्याचा आशय. ग्रेगोरियन गायनात 'आलेलुया'च्या अंतिम स्वरावर जी लांबलचक सुरावट घेतली जाते, तिच्या मुळाशी हीच जाणीव आहे. नुसरत यांचा आलाप ऐकताना आम्हांस त्या प्राचीन परंपरेचे स्मरण झाले. मात्र त्याच अगस्तीनने 'कबुलीजबाब' या ग्रंथात एक सावधगिरीही नोंदवली आहे. गायिलेल्या शब्दापेक्षा गाणेच आपल्याला अधिक हलवते तेव्हा आपले काहीतरी चुकते, अशी बोच त्याला लागून राहिली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि संगीतप्रेमी ख्रिस्ती माणसाला त्या एकत्रच बाळगाव्या लागतात.

ही सावधगिरी मनात ठेवून 'पॅशन'च्या उणिवांकडेही पाहिले पाहिजे. पहिली उणीव अशी की, येथे वापरलेले संगीत कोठे ना कोठे कोणाच्या तरी विधीचे, प्रार्थनेचे, शोकाचे आहे. 'झार' या रचनेचे नाव इजिप्तमध्ये दुष्ट शक्तींचे निवारण करण्यासाठी केल्या जाणाऱ्या एका विधीवरून आले आहे. कव्वाली ही सुफींची भक्ती. हे सारे मूळ स्थानातून उचलून एका चित्रपटाचे वातावरण निर्माण करण्यासाठी वापरले, की त्याचा रंग राहतो आणि मूळ भाव निसटण्याची भीती असते. शिवाय इस्लाममध्ये येशू आदरणीय संदेष्टा असला, तरी त्याच्या क्रूसमृत्यूविषयी मुस्लिम बांधवांची श्रद्धा आपल्यासारखी नाही. एका कव्वालाचा आवाज क्रूसाच्या वाटेला जोडणे हे सौंदर्याच्या दृष्टीने अप्रतिम ठरले, म्हणून ते सहज होते असे समजू नये. आपली भजने किंवा मिस्सागीते कोणी परक्या कथेच्या पार्श्वभूमीला वापरली, तर आपल्याला काय वाटेल, असा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

गेब्रिएल यांना या प्रश्नाची जाणीव होती, असे म्हणण्यास आधार आहे. वादकांची व गायकांची नावे त्यांनी रचनावार छापली. त्याच वर्षी 'पॅशन : सोर्सेस' ही दुसरी ध्वनिमुद्रिका काढून, ज्या मूळ संगीतावरून त्यांनी प्रेरणा घेतली होती, ते त्या त्या कलावंतांच्या नावाने स्वतंत्रपणे श्रोत्यांपुढे ठेवले. त्यांनी स्थापन केलेल्या 'रिअल वर्ल्ड' या संस्थेची 'पॅशन' ही पहिली ध्वनिमुद्रिका. पुढे नुसरत यांच्यासह अनेकांचे संगीत याच संस्थेने जगापुढे आणले. ही परतफेड पूर्ण झाली असे आम्ही म्हणणार नाही, कारण मुखपृष्ठावर संगीतकार म्हणून नाव एकाचेच राहते. पण ऋण मान्य करणे ही परतफेडीची पहिली पायरी असते.

आपल्या समाजाला या गोष्टीचे मोल विशेष कळावे. गोव्याच्या चर्चशाळांत सुरांची अक्षरे गिरवलेले कितीतरी कॅथलिक वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. पवित्र आठवड्यातील मोतेत वाजवून तयार झालेले ते हात होते. अँथनी गोन्साल्विस, सॅबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट यांसारख्यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यमेळाला आकार दिला. पण पडद्यावरील नामावलीत अशा वादकांना आणि वाद्यमेळ रचणाऱ्यांना क्वचितच स्थान मिळाले. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधील गाण्यात गोन्साल्विस यांचे नाव आले, तेही प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला वाहिलेली आदरांजली म्हणून. गाणे देशभर गाजले. हे नाव एका खऱ्या संगीतकाराचे आहे, हे किती जणांना ठाऊक होते? ज्या समाजाचे वादक असे निनावी राहिले, त्या समाजाने तरी वादकांची नावे छापणाऱ्याची कदर करावी.

दुसरी उणीव संगीतकाराची नव्हे, त्याच्या अनुकरणकर्त्यांची आहे. 'पॅशन'नंतर दुदुकाचा विलाप आणि शब्दहीन स्त्रीकंठ यांचा चित्रपटांत सुळसुळाट झाला. 2000 च्या 'ग्लॅडिएटर'मध्ये आणि 2004 च्या 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट'मध्येही दुदुक ऐकू येते. आज वाळवंट किंवा प्राचीन काळ दाखवायचा असला की हा आवाज मसाल्यासारखा टाकला जातो. ज्या स्वराने एकदा अंतःकरण फाडले, तो सवयीचा झाला की फक्त कानावरून जातो. म्हणून प्रथमच ऐकणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे की, 1989 मध्ये हा आवाज मसाला नव्हता, शोध होता.

शब्द मागे ठेवण्याचा परिणाम गायकावर काय झाला? 1992 च्या 'अस' या ध्वनिमुद्रिकेत गेब्रिएल पुन्हा गीतांकडे आले. दुदुकही तेथे आले; पण महत्त्वाचे म्हणजे मुखवटे गेले. घटस्फोट, अपराधभाव, तुटलेले नाते यांविषयी ते स्वतःच्या आवाजात, आडपडदा न ठेवता गाऊ लागले. पुढे 2002 मध्ये 'रॅबिट-प्रूफ फेन्स' या ऑस्ट्रेलियन चित्रपटाला त्यांनी संगीत दिले. 1931 मध्ये सरकारने आईपासून तोडून नेलेल्या तीन आदिवासी मुली कुंपणाच्या आधाराने शेकडो मैल चालत घराकडे निघतात, त्याची ही सत्यकथा. येथेही जुनी दृष्टी कायम आहे : दुःख ज्यांचे, जागा त्यांची. त्याच वर्षीच्या 'अप' या ध्वनिमुद्रिकेतील 'स्काय ब्लू' या गीताची चाल या चित्रपटातही येते. गीत आणि चित्रपट यांच्यातील ये-जा आता दोन्ही दिशांनी चालू झाली होती. आमच्या मते चित्रपटाने या गायकाला गप्प बसायला शिकवले, आणि गप्प बसायला शिकल्यावर त्याच्या बोलण्याला वजन आले.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. हे संगीत ऐकावे काय? ऐकावे. घरी, शांतपणे, शक्य तर दिवे मंद करून, चित्रपटाची दृश्ये डोळ्यांपुढे न आणता ऐकावे; ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांना हे अधिक सोपे जाईल. कोण गातो, कोण वाजवतो, कोणत्या देशाचे, कोणत्या श्रद्धेचे, हे वाचून ऐकावे. शुभ शुक्रवारी दुपारी घरी एकट्याने दुःखसहनाचे वृत्त वाचल्यानंतर 'पॅशन' ही रचना ऐकणाऱ्याची प्रार्थना उथळ होणार नाही, अशी आमची खात्री आहे. शेवटून दुसरी 'इट इज अकम्प्लिश्ड' ही रचनाही ऐकावी. योहानाने नोंदवलेल्या प्रभूच्या क्रूसावरील अंतिम उद्गाराचे नाव तिला दिले आहे, आणि ती शोकाची नसून विजयाची आहे. योहानाच्या शुभवर्तमानातही तो उद्गार पराभूताचा नाही. चित्रपट वाटेत कितीही भरकटला असो, संगीत शेवटी योग्य ठिकाणी पोहोचते.

क्रूसाच्या वाटेच्या वेळी ते लावावे काय? लावू नये. चित्रपट वादग्रस्त म्हणून नव्हे. त्याचे कारण वेगळे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा संविधानग्रंथ जाहीर केला. त्याने प्रत्येक लोकसमूहाच्या संगीतपरंपरेला मान दिला आणि त्याच वेळी उपासनेत लोकांचा सहभाग हवा, असा आग्रह धरला. यंत्रातून आलेले संगीत कितीही श्रेष्ठ असले, तरी त्याच्यापुढे आपला समाज श्रोता होऊन बसतो. क्रूसाच्या वाटेवर आपण चालायचे असते, गायचे असते, मग आवाज फाटका असला तरी चालेल. वसईच्या आजीबाईंचे वर्षानुवर्षांचे शोकगीत तेथे नुसरत यांच्या आलापापेक्षा अधिक योग्य आहे, कारण ते तेथे उभे राहून गायिलेले आहे.

आपल्या गायकवृंदांनी मात्र गेब्रिएल यांच्यापासून एक गोष्ट अवश्य घ्यावी. आमच्या मंडपांतून आणि चर्चमधून अलीकडे ध्वनिक्षेपकांची संख्या वाढते आहे, आणि दुःखसहनाच्या गीतातही गायकाला स्वतःचे कौशल्य दाखवण्याचा मोह आवरत नाही. मुखवटे घालून नाचणारा एक प्रख्यात गायक प्रभूच्या क्रूसाजवळ आला, तेव्हा त्याने स्वतःचे शब्द बाहेर ठेवले आणि पुढची जागा दुसऱ्यांच्या कंठाला दिली. तो आपल्या ख्रिस्तसभेचा प्रवक्ता नव्हता, आणि ज्या चित्रपटासाठी त्याने हे केले तो आपल्याला मान्य नाही. तरीही एवढी मर्यादा त्याला उमजली. येत्या उपवासकाळात सरावाला बसाल, तेव्हा एका गीतापुरते तरी पेटी आणि ध्वनिक्षेपक बंद ठेवा, सर्वांत मागच्या बाकावरच्या माणसाला ऐकू येईल इतके हळू गा, आणि तो गाऊ लागला की आपला आवाज आणखी खाली आणा.